गोळा चपटा होण्याआधी: पर्थेस आजारात एमआरआय काय दाखवतो

लहान मुलाचा गुडघा दुखतो म्हणून दाखवायला आणलं, की हाडांचे डॉक्टर आधी खुबा तपासतात. पालकांना हे विचित्र वाटतं. पोरगं बोट गुडघ्यावर ठेवतंय आणि हे मांडी फिरवून बघताहेत! पण खुब्याच्या सांध्यातली वेदना ज्या नसेतून वर जाते, तिच्याच फांद्या गुडघ्याकडेही गेलेल्या असतात, त्यामुळे दुखणं एकीकडे आणि बोट दुसरीकडे असं होतं. जिथे खुबा तपासलाच जात नाही, तिथे गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो, ‘खेळताना मुरगळला असेल’, ‘वाढीचं दुखणं आहे’ असं म्हणत दोन-तीन महिने सहज निघून जातात. मूल पळतं, खेळतं, पुष्कळदा फार दुखतंय अशी तक्रारही करत नाही. फक्त लंगडतं.

अशा लंगडण्यामागे बहुतेक वेळा साधंच कारण असतं. सर्दी-तापानंतर खुब्यात थोडं पाणी साचतं आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. काही मुलांत मात्र ते पर्थेस निघतं. पूर्ण नाव लेग-काल्वे-पर्थेस. बोस्टनचे आर्थर लेग, फ्रान्सचे जाक काल्वे आणि जर्मनीचे गेऑर्ग पर्थेस या तिघांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. स्वीडनच्या हेनिंग वाल्डनस्ट्रॉम यांनी आदल्याच वर्षी तो पाहिला होता, पण त्यांना तो क्षयाचा एक प्रकार वाटला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी खुब्यातून लंगडणारं मूल म्हणजे हाडाचा क्षय, असंच धरून चालत. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले, म्हणून तर हे दोन आजार वेगळे काढता आले.

पर्थेस साधारण ४ ते ८ या वयात होतो, मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट जास्त. पर्थेस झालेल्या शंभरातल्या दहा-पंधरा मुलांना तो दोन्ही बाजूंना होतो. युरोपच्या उत्तर भागात त्याचं प्रमाण जास्त, विषुववृत्ताकडे कमी. पण आपल्याकडे एक अपवाद आहे. मणिपालचे बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की भारताच्या नैर्ऋत्य किनारपट्टीवर, विशेषतः उडुपीच्या आसपास, हा आजार बराच आढळतो आणि तिथली मुलं आजार सुरू होताना थोडी मोठीही असतात. हे वय पुढे फार महत्त्वाचं ठरतं, त्याकडे नंतर येऊ. मूळ कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. मुलानं काही खाल्लं, पडला, आईबापांनी हयगय केली, यातलं काहीही कारण नाही.

रक्त थांबतं, आणि परतही येतं

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोळा, आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. वाढत्या मुलात हा गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते. उंची वाढते ती अशा चकत्यांमुळे. पण ही चकती आडवी पडल्यामुळे खालच्या हाडातलं रक्त वर गोळ्यात जाऊ शकत नाही. वाटीकडून येणाऱ्या लहानशा धमनीचा या वयात फारसा उपयोग नसतो. राहतात त्या मांडीतल्या एका धमनीच्या बारीक फांद्या. त्या हाडाच्या मानेवरून वर चढतात आणि बाहेरच्या बाजूने गोळ्यात शिरतात. कालव्याच्या शेपटाला असलेलं शेत जसं एकाच चारीवर अवलंबून असतं, तशी या गोळ्याची गत. चारी तुंबली की दुसरीकडून पाणी नाही.

पर्थेसमध्ये हाच पुरवठा बंद पडतो. पूर्ण नाही तर काही भागात. आतलं हाड आणि मज्जा मरते. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. पुढचा भाग मात्र बहुतेकांच्या कल्पनेच्या उलटा आहे. मेलेलं हाड लगेच मोडत नाही. ते काही महिने आपला आकार धरून उभं असतं. वरची कूर्चा तर सांध्यातल्या द्रवावर पोसली जाते, ती वाढतच राहते. खरी पडझड सुरू होते ती रक्त परत यायला लागल्यावर. नव्या रक्तवाहिन्यांबरोबर हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि मेलेलं हाड साफ करू लागतात. नवं हाड घालणाऱ्या पेशी तेवढ्या वेगाने काम करत नाहीत. या मधल्या काळात गोळा मऊ आणि पोकळ असतो, वर मुलाचं वजन, उड्या, पळापळी. मग तो दबतो, चपटा होतो, वाटीच्या बाहेर सरकतो.

त्यानंतर नवं हाड भरत जातं आणि आजार आपणहून संपतो. या सगळ्याला दोन ते पाच वर्षं लागतात. म्हणजे पर्थेस ‘बरा’ सगळ्यांचाच होतो. प्रश्न एवढाच, की बरा होताना गोळा गोल राहिला की चपटा. गोल राहिला तर मूल पुढे काहीही खेळू शकतं. चपटा झाला आणि वाटीशी त्याचं जमलं नाही, तर तारुण्य ओसरायच्या आत सांधा झिजतो आणि सांधा बदलायच्या ऑपरेशनची वेळ येते.

एक्स-रे बरोबर सांगतो, पण उशिरा

एक्स-रेला कमी लेखायचं कारण नाही. स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही निघतो, आणि पर्थेसवरच्या शंभर वर्षांच्या ज्ञानातला मोठा भाग त्याच्याच जोरावर उभा आहे. सुरुवातीचे दिवस, तुकडे पडण्याचा काळ, नवं हाड भरण्याचा काळ आणि शेवट, असे आजाराचे चार टप्पे वाल्डनस्ट्रॉम यांनी केले, ते एक्स-रे बघूनच.

आजार किती गंभीर हे ठरवायला आज सगळ्यात जास्त वापरली जाते ती डॅलसच्या जॉन हेरिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत. गोळ्याचा बाहेरचा भाग हा खांब समजायचा आणि त्याची उंची किती उरली ते बघायचं. पूर्ण उंची शाबूत असेल तर ए गट, निम्म्याहून जास्त असेल तर बी, निम्म्याहून कमी उरली असेल तर सी. नंतर बी आणि सी यांच्या सीमेवरचा आणखी एक गट त्यात आला. पद्धत सोपी आहे आणि दोन डॉक्टरांचं मत सहसा जुळतं.

अडचण ही, की हा गट ठरतो तो तुकडे पडण्याच्या टप्प्यात. म्हणजे आजार सुरू होऊन कित्येक महिने उलटल्यावर. त्याआधीच्या एक्स-रेमध्ये गोळा जरा लहान, जरा पांढरट दिसतो, कधी कधी तर काहीच दिसत नाही. खांब ढासळला हे कळतं तेव्हा तो ढासळलेला असतो. जोसेफ यांच्या गटाने ६१० मुलांचा आजार टप्प्याटप्प्याने तपासून २००३ मध्ये दाखवलं, की गोळा वाटीबाहेर सरकण्याचं प्रमाण तुकडे पडण्याच्या टप्प्याच्या उत्तरार्धात एकदम वाढतं. उपचाराचा खरा फायदा त्याआधी. आणि एक्स-रेवर गट कळायचा तोही साधारण त्याच सुमारास! पालक विचारतात, ‘ऑपरेशन लागेल का?’ आणि डॉक्टर म्हणतात, ‘तीन महिन्यांनी बघू.’ ही टाळाटाळ नसते. त्या एक्स-रेमध्ये उत्तरच नसतं.

मेलेली चरबीही उजळच दिसते

मग एमआरआय करा, असं कोणीही म्हणेल. इथेच एक खोच आहे आणि ती समजली तर पुढचं सगळं सोपं आहे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं चुंबक असतं, बहुतेक ठिकाणी १.५ किंवा ३ टेस्ला ताकदीचं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. चुंबकात त्याचे अणू एका विशिष्ट प्रकारे वागतात. रेडिओ लहरींनी त्यांना डिवचलं, की पूर्वपदावर येताना ते बारीकसा संदेश देतात. पाणी, चरबी, कूर्चा, स्नायू यांना पूर्वपदावर यायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो. त्या फरकातून चित्र उभं राहतं. कोणता फरक ठळक करायचा हे यंत्राला सांगता येतं, म्हणून एकाच तपासणीत पाच-सहा प्रकारची चित्रं निघतात.

मुलाच्या गोळ्यातली मज्जा बरीचशी चरबीची असते आणि टी-वन नावाच्या चित्रात चरबी उजळ दिसते. आता रक्तपुरवठा तुटला. पेशी मेल्या. पण चरबी कुठे गेली? ती तिथेच आहे, आणि चित्राला जिवंत चरबी आणि मेलेली चरबी यांतला फरक लगेच कळत नाही. काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, साध्या एमआरआयमध्ये मेलेला भाग ठीकठाक दिसू शकतो. उलट पुढे चित्र बदलतं ते बऱ्याच अंशी रक्त परतू लागल्यामुळे. त्यामुळे साध्या एमआरआयवरून आजार आहे की नाही हे एक्स-रेपेक्षा लवकर कळतं खरं, पण किती भाग रक्ताविना आहे हे नेमकं सांगता येत नाही.

त्यासाठी थेट रक्तालाच विचारावं लागतं. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियम असलेलं कॉन्ट्रास्ट देतात. ते रक्ताबरोबर जिथे जिथे पोचतं तिथलं पाणी चित्रात उजळतं. रक्त पोचलं नाही तो भाग तसाच राहतो. पण पुन्हा तीच चरबी आडवी येते. ती आधीच उजळ, त्यात कॉन्ट्रास्टची उजळी मिसळली की वेगळी ओळखू येत नाही. यावरची युक्ती वजाबाकीची आहे. इंजेक्शनच्या आधी एक चित्र घ्यायचं, दोन-तीन मिनिटांनी तेच चित्र पुन्हा घ्यायचं आणि कॉम्प्युटरला दुसऱ्यातून पहिलं वजा करायला सांगायचं. चरबी दोन्हींत सारखीच, ती कटून जाते. उरतं ते फक्त कॉन्ट्रास्टने आणलेलं. जिवंत भाग पांढरा, रक्ताविना भाग काळा. पॅरिसच्या गी सेबाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्थेसच्या लवकर निदानासाठी ही पद्धत १९९७ मध्ये मांडली. पुढे डॅलसचे हॅरी किम आणि त्यांच्या गटाने तिला मोजमापाचं रूप दिलं: गोळ्याचा किती टक्के भाग काळा, आणि त्यातही बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात रक्त किती. याला परफ्यूजन एमआरआय म्हणतात.

बाहेरचाच हिस्सा का? कारण तोच तो खांब. हेरिंगची पद्धत काही महिन्यांनी जे सांगणार असते, त्याचा अंदाज इथे आधी मिळतो. आजाराच्या सुरुवातीला बाहेरच्या भागात रक्त चांगलं असेल तर पुढे खांब टिकण्याची शक्यता जास्त. गोळ्याचा बहुतेक भाग काळा असेल तर पुढे आकार बिघडण्याचा धोका मोठा. किम यांच्या गटाचे अभ्यास आणि २०१२ पासून अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून चालवलेला पर्थेस अभ्यासगट यांचं म्हणणं साधारण असं आहे. पण हा अंदाज आहे, भविष्यवाणी नाही.

पुन्हा पुन्हा परफ्यूजन एमआरआय केलेल्या मुलांत आणखी एक गोष्ट दिसली, ती मला स्वतःला फार रोचक वाटते. रक्त परत येतं ते सगळीकडून एकदम नाही. मागच्या, बाहेरच्या आणि आतल्या कडेने ते आत सरकतं, घोड्याच्या नालेसारखा पांढरा पट्टा दिसतो, आणि पुढचा मधला भाग सगळ्यात शेवटी उजळतो. परत येण्याचा वेग मात्र मुलामुलांत प्रचंड वेगळा. दोघांचे एक्स-रे सारखे दिसावेत, आणि एकाचा गोळा झपाट्याने भरत असावा, दुसऱ्याचा जिथल्या तिथे. एक्स-रेला यातलं काही कळत नाही.

त्या खोलीत

कागदावर वजाबाकी सोपी आहे. सहा वर्षांच्या मुलावर ती करणं वेगळं.

दोन चित्रांच्या मध्ये मूल एक-दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी वजाबाकी फसते. कडा जुळत नाहीत आणि जिथे रक्त नाही तिथे खोटी पांढरी रेघ उमटते. वाचणारा डॉक्टर अनुभवी नसेल तर तो तिला रक्त समजू शकतो. म्हणून सुई यंत्रात जायच्या आधीच लावून ठेवतात आणि तिला लांब नळी जोडतात. आतमध्ये टोचलं तर मूल दचकणारच. कॉन्ट्रास्ट थंड लागतं, तेही आधी सांगून ठेवावं लागतं. पाय सारखे ठेवून, मध्ये उशी घालून पट्ट्याने हलकेच बांधतात. दोन्ही खुबे एकाच चित्रात आले पाहिजेत, कारण चांगला खुबा हाच तुलनेचा आधार. दुखऱ्या बाजूवरच लक्ष देऊन काढलेल्या चित्राचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

आवाज मोठा असतो, ठोकल्यासारखा, अर्धा-पाऊण तास. कानांना हेडफोन किंवा कापूस लावतात. सहा-सात वर्षांच्या पुढची बरीच मुलं, नीट समजावलं आणि आई किंवा बाबा शेजारी थांबले, तर भूल न देता झोपून राहतात. त्याहून लहानांना बहुधा भूल किंवा गुंगीचं औषध लागतं. मग उपाशी ठेवणं आलं, भूलतज्ज्ञ आले, खर्चही वाढला. माझं मत विचाराल तर घरी दोन दिवस जमिनीवर चटईवर ‘पुतळा पुतळा’ खेळून सराव करून घेण्यात काहीच नुकसान नाही. पुष्कळ मुलांची भूल त्यामुळे टळते.

सोबत आत जाणाऱ्यांनी अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, करदोट्यातला ताईत, खिशातली नाणी. करदोटा विसरतातच लोक.

गॅडोलिनियमची भीती किती धरावी

ही शंका रास्त आहे, झटकून टाकू नये. गॅडोलिनियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडांतून. मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल तर कातडी आणि आतले भाग घट्ट करणारा एक गंभीर आजार होऊ शकतो, हे २००६ च्या सुमारास लक्षात आलं. म्हणून आधी मूत्रपिंडाविषयी विचारतात, गरज वाटली तर रक्त तपासतात. २०१४ मध्ये जपानमधून अहवाल आला, की वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश राहतो. त्याने काही इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये सैल बांधणीच्या जुन्या प्रकारांपैकी बरेच बंद करायला सांगितले. आता घट्ट बांधणीचे, मॅक्रोसायक्लिक म्हणवणारे प्रकार पसंत केले जातात. मुलाला कोणता दिला जाणार आहे हे विचारायला लाजू नका. आणि दर तीन महिन्यांनी हौसेने परफ्यूजन एमआरआय करत बसणं हेही बरोबर नाही. एक योग्य वेळी केलेला, फार तर निर्णय अडला असेल तर दुसरा. मधल्या काळाला एक्स-रे पुरतो.

कॉन्ट्रास्टशिवायच हे काम व्हावं म्हणून संशोधकांची धडपड चालू आहे. एका पद्धतीत पेशींभोवतीचं पाणी किती मोकळेपणाने हलतं हे मोजतात, तिला डिफ्यूजन एमआरआय म्हणतात. फ्रान्समधल्या अभ्यासांत दिसलं, की गोळ्याखालच्या, चकतीच्या पलीकडच्या हाडात पाण्याची ही हालचाल वाढलेली असेल तर तो वाईट आजाराचा इशारा असू शकतो. दुसरीकडे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक डुकराच्या पिलांच्या मांडीच्या हाडाची मान बांधून रक्त थांबवतात आणि टी-वन-ऱ्हो, टी-टू अशा मापांमध्ये काय बदल होतो ते बघतात. ही मापं म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागचा आकडा. मेलेली चरबी साध्या चित्राला फसवते, पण या आकड्यांत फरक पडताना दिसतो. पिलांमध्ये हे चांगलं जमलं आहे. मुलांमध्ये रोजच्या वापरात यायला वेळ लागेल.

एमआरआयचा आणखी एक फायदा आहे, जो रक्ताच्या गडबडीत मागे पडतो. एक्स-रेला फक्त हाड दिसतं. मुलाच्या गोळ्याचा मोठा भाग कूर्चेचा असतो आणि तो एक्स-रेमध्ये कोराच राहतो. हाड चपटं दिसत असताना वरची कूर्चा अजून गोल असू शकते, किंवा गोळ्याने वाटीची मऊ कड उचलून धरलेली असू शकते. एमआरआयमध्ये हे सरळ दिसतं. चकतीतून आरपार रक्तवाहिन्या घुसलेल्या दिसल्या तर तिथली वाढ अडण्याचा धोका आहे, हेही कळतं.

तो पर्थेसच आहे ना?

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. खुब्याचा क्षय अजूनही आहे आणि त्यातही सुरुवातीला मूल असंच लंगडतं. क्षयात वाटी आणि गोळा दोन्हीकडचं हाड खाल्लं जातं, पू साठतो, सांध्यातली जागा अरुंद होते. पर्थेसमध्ये सुरुवातीला ती जागा उलट रुंद दिसते, कारण कूर्चा वाढत राहिलेली असते. एमआरआय इथे मोठी मदत करतो.

विदर्भात, नंदुरबारकडे, गडचिरोलीत सिकलसेलची तपासणी आधी. वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि त्यातूनही गोळ्याचं हाड मरतं. चित्र पर्थेससारखं दिसू शकतं, पण उपचार आणि पुढची वाटचाल वेगळी. एक साधी रक्ततपासणी एमआरआयच्या आधी व्हायला हवी. दोन्ही खुबे एकाच वेळी, एकाच टप्प्यावर बिघडलेले दिसले तरी सावध व्हावं. थायरॉईड कमी असणं किंवा हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष यांत तसं होतं. खऱ्या पर्थेसमध्ये दोन बाजू बहुधा मागेपुढे असतात.

आणि ताप आहे, मूल पाय टेकवतच नाही, हात लावू देत नाही, तर पर्थेसचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सांध्यात पू झाला असेल तर तासांचा हिशेब असतो.

चित्र हातात आल्यावर

गोळ्याचा ७० टक्के भाग काळा आहे असं कळलं म्हणजे ऑपरेशन ठरलं, असं होत नाही. वय बघावं लागतं. सहाच्या आतल्या मुलाकडे वाढीची वर्षं भरपूर शिल्लक असतात, चपटा गोळाही वाटीत फिरता फिरता पुन्हा गोलाईकडे येतो. तिथे बहुधा धावण्या-उड्यांना लगाम, व्यायाम आणि वाट बघणं पुरतं. आठच्या पुढे सुरुवात झाली तर ती मुभा नसते. हेरिंग यांच्या २००४ मधल्या मोठ्या अभ्यासात आठच्या पुढच्या, मधल्या गटांतल्या मुलांना ऑपरेशनचा फायदा झाला. सगळ्यात वाईट सी गटात तो दिसला नाही. आठच्या आतल्यांत बी गटाचं ऑपरेशनने आणि ऑपरेशनविना जवळपास सारखंच ठरलं. उडुपीकडच्या मुलांचं वय म्हणून महत्त्वाचं.

ऑपरेशन कोणतंही असो, मांडीचं हाड थोडं तिरकं करायचं किंवा वाटी फिरवायची, हेतू एकच: मऊ झालेला गोळा वाटीच्या आत झाकलेला ठेवायचा, म्हणजे भरून येताना तो वाटीचा आकार घेईल. दोन्ही पाय फाकवून मध्ये दांडी घातलेलं प्लास्टरही त्याचसाठी. परफ्यूजन एमआरआयचं काम हे, की आठ-नऊ वर्षांच्या मुलात गोळा अजून गोल असतानाच ‘थांबू नका’ किंवा ‘थांबलं तर चालेल’ यातलं एक सांगायला डॉक्टरांना आधार द्यायचा. त्यावर आधारलेले निर्णय जुन्या पद्धतीपेक्षा अंती सरस ठरतात का, याचा पक्का पुरावा मात्र मुलं मोठी झाल्यावरच मिळतो. एमआरआय केला म्हणजे उपचार झाला, असं कोणी सुचवत असेल तर ते खरं नाही. पाच वर्षांच्या मुलाचा एक्स-रे स्पष्ट असेल आणि निर्णय बदलणारच नसेल, तर एमआरआय न करणारे डॉक्टरही चुकत नाहीत.

करायचाच असेल तर चिठ्ठी नीट वाचा. नुसतं ‘एमआरआय हिप’ लिहिलेलं असेल तर केंद्र साधी तपासणी करून मोकळं होईल, वजाबाकी होणारच नाही आणि तोच खर्च पुन्हा करावा लागेल. पर्थेससाठी कॉन्ट्रास्टसह, दोन्ही खुबे, सबट्रॅक्शन हवं, हे डॉक्टरांनी लिहायला हवं आणि केंद्राने ‘आम्ही करतो’ असं वेळ घेतानाच सांगायला हवं. धातूची प्लेट किंवा स्क्रू बसवल्यानंतर तिथलं चित्र धूसर होतं, त्यामुळे ऑपरेशन ठरलं असेल तर तपासणी आधी. फिल्मवर चार चित्रं येतात. मूळ चित्रांचा सगळा संच सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. काळा भाग किती टक्के हे त्यावरूनच मोजता येतं आणि पुढच्या डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा तोच संच बघायचा असतो.